आपला इस्तो आपल्यापाशी

बाई, काल दुपारी माझी नात प्रवासाची पिशवी भरत बसली होती. कॉलेजातल्या मैत्रिणींबरोबर हिमालयात कुठंतरी आठवडाभर पायी हिंडणार आहे. स्वयंपाकघरातला वजनकाटा उचलून तिनं बाहेरच्या खोलीत आणला आणि एकेक वस्तू त्यावर ठेवून बघत होती. वजन कमी व्हावं म्हणून दात घासायच्या ब्रशचा दांडासुद्धा निम्मा कापलेला. मग तिनं मुठीत मावेल एवढी एक डबी माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, "आजी, हा स्टोव्ह आहे. स्पिरिटवर चालतो. अगदी नवीन कल्पना आहे." मला इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. ती रुसली. आता तिला काय सांगू, की ही डबी मी साठ वर्षांपूर्वी पांढरकवड्याच्या टिनवाल्या चाचांकडून करून घेतली होती आणि तिच्यावरून तुमच्याशी भर बाजारात भांडले होते? हे हसू तुमच्याबरोबरच वाटून घेण्यासारखं आहे. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण म्हणून काय झालं, लिहायला बसले.

मी नर्सिंग शिकून नुकतीच तुमच्या हाताखाली आले होते. महिन्यातून दोनदा झरीकडच्या जंगलातल्या गावांची फेरी असायची. एसटी जाई तिथवर एसटीनं आणि पुढं आपल्याच पायांनी. बाळंतिणी बघायच्या, इंजेक्शनं द्यायची, आणि त्यासाठी गावोगाव सुया, सिरिंजा, कात्री उकळून घ्यायची. उकळायला आग हवी. ती आग तुम्ही पाठीवर वाहायच्या: तीन पायांचा पितळी पंपाचा स्टोव्ह, शिवाय घासलेटची बाटली, पिना आणि काकडा. त्यात तुमचा उजवा गुडघा रुसलेला. नाला उतरताना तुम्ही ओठ घट्ट मिटून घ्यायच्या, ते मला मागून चालतानाही कळायचं. शेवटी डॉक्टरसाहेबांनी स्पष्टच सांगितलं, की ओझं कमी करा, नाहीतर दिवाळीनंतर दवाखान्यात खुर्चीवर बसा, फेरीला दुसरं कुणी जाईल. तुम्ही बाहेर येऊन मला म्हणालात, "खुर्चीत बसली का मी संपली, पोरी." तुमच्याशिवाय ते जंगल मला नकोच होतं.

ओझं दुसऱ्याला द्यायची सोय तेव्हा होती. सरकारी माणूस आला की कोतवालाच्या डोक्यावर पेटी, ही रीतच होती. माझ्या वडिलांनी अशा पेट्या जन्मभर वाहिल्या आणि छप्पन साली धम्म घेतल्यावर ते काम सोडून दिलं. तुम्ही मला त्याबद्दल कधीच काही विचारलं नाही. पण कुठल्याही कोतवालाला तुम्ही पिशवीला हात लावू दिला नाही. "माझ्या पाठीले काय झालं?" एवढंच म्हणायच्या. लोकांच्या चुलीवर सुया उकळायचा डबा ठेवायलाही तुमची ना. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर, "काजळीनं सुया खराब होतात." म्हणजे स्टोव्ह हवाच, आणि तो तुमच्याच पाठीवर हवा. तुमचा हट्ट म्हणजे वेडगळ बैल, चाकोरी काही सोडायचा नाही.

मला युक्ती सुचली ती तुमच्याच स्टोव्हमुळे. एका गावात बर्नरमध्ये पिन मोडली. तुम्ही त्या पिनेच्या सात पिढ्या उद्धरत होता आणि मी बघत होते, की बर्नर तापवायला वाटीत ओतलेलं स्पिरिट आपलं शांतपणे जळतंय. मी म्हटलं, बाई, तुमच्या या इंजिनाला पेटायलाही स्पिरिटच लागतं, मग इंजिन हवं कशाला? तुम्ही माझ्याकडे अशी नजर टाकलीत, की मी खाली वाकून सुया पुसायला लागले. पण परत आल्यावर गेले चाचांकडे. ते कंदील, डबे, चाळण्या दुरुस्त करायचे. माझं ऐकून म्हणाले, "सिस्टर, ये तो बच्चों का खिलौना होऊन राह्यला." तरी केला. पत्र्याची डबी, कडेनं बारीक भोकं, खाली तीन पाय, आणि वारा अडवायला वनस्पती तुपाच्या डब्याचा कापलेला पत्रा. मोठ्या ऐटीत मी तो दवाखान्याच्या ओसरीत पेटवला. पाणी कोमट होतं ना होतं तोच एक पाय गळाला, मग दुसरा, आणि डब्यासकट सगळं भुईवर बसलं. चाचांनी पाय कथलाचा डाग देऊन जोडले होते आणि आच लागताच डाग वितळला. तुम्ही खांबाला टेकून इतक्या हसलात, की आतले पेशंट बाहेर आले. चाचा मात्र मुळीच खजील झाले नाहीत. "रिबिट मारली तर पहाड में जाईन ये," म्हणाले, आणि दुसऱ्या डबीला खरोखरच रिबिटं ठोकून दिली.

मग आपला वाद सुरू झाला, आणि खरं सांगते, नोकरीच्या सगळ्या वर्षांत मला इतकी मजा कशातच आली नाही. मी म्हणे, हा हलका आहे. तुम्ही म्हणायच्या, वाऱ्यानं कलंडतो. मी म्हणे, याला पंप नाही, पिन नाही, बिघडायला काही आहेच काय? तुम्ही म्हणायच्या, पाणी उकळायला एवढा वेळ, का तेवढ्यात बाळ जन्मून चालायला लागेल. मी म्हणे, हा बोलत नाही, तुमचा स्टोव्ह गिरणीसारखा भरभरतो आणि झोपलेली पोरं दचकून उठतात. त्यावर तुमचं उत्तर मला अजून आवडतं: "भरभरू दे. बाई आली हे गावाले कळाले पाह्यजे." आणि एका बाबतीत तुमचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. भर उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही. एकदा तुम्ही "इझला व हा" म्हणत बाटली घेऊन वाकलात आणि मी किंचाळून तुमचा हात ओढला. पदराचं टोक तेवढं होरपळलं. त्या दिवसापासून आपण नियम केला, की आधी पालथा हात वर धरून बघायचं आणि मगच बाटलीचं बूच काढायचं.

निकाल बाजारात लागला. मिरचीवालीचा तराजू रिकामा होता. किलोची नवी मापं आली होती, पण तिचा त्यांच्यावर भरवसा नव्हता. मी म्हटलं, मापं नकोतच, एकाविरुद्ध एक ठेवू. एका पारड्यात तुमचा पितळी स्टोव्ह आणि फेरीभराचं घासलेट, दुसऱ्यात माझी डबी आणि स्पिरिटची एक बाटली. तुमचं पारडं धाडकन खाली. मी टाळी वाजवली. तुम्ही शांतपणे विचारलंत, "फेरी एका दिवसाची हाये का व?" घासलेटच्या मानानं स्पिरिट भराभर संपतं, हे तुम्ही माझ्या आधी हेरलं होतं. दुसरी बाटली ठेवली, पारडी बरोबरीला आली. तिसरी ठेवली आणि माझं पारडं भुईला टेकलं. भोवती ही गर्दी. कुणीतरी वास घेऊन विचारलं, "बाई, मोहाची व्हय का? कितीले देता?" दारूबंदीचे दिवस, आणि आपण दोन नर्सा भर बाजारात बाटल्या तोलतोय! मिरचीवाली पोट धरून हसली. मी रडकुंडीला आले होते. दिवाळी तोंडावर होती, आणि ती खुर्ची मला दिसायला लागली होती. तेवढ्यात तुम्हीच म्हणालात, "वाटेत सुईनीच्या घरी बाटल्या ठेवल्या तं? एक आपल्यासंग, बाकी तिच्यापाशी." तुम्हाला हरायचंच होतं, बाई. जिंकल्यावर सोयीस्करपणे हरता येणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

त्या नव्या स्टोव्हच्या पहिल्याच फेरीत आपण एका मोठ्या घरी गेलो होतो. सुनेचे दिवस भरले होते. सासू चांगल्या मनानं म्हणाली, "चूल पेटलीच हाये, ठेवा ना तुमचा डबा." मी डबा उचलला, तशी तिनं मला खालीवर न्याहाळलं. "पन हे पोरगी कोनाची व?" मी उंबऱ्यातच थबकले. तुम्ही पिशवीतून डबी काढून अंगणात मांडायलाही लागल्या होत्या. "पोरगी माझी हाये. अन चूल राहू द्या, काजळी बसते. आपला इस्तो आपल्यापाशी बरा." विस्तवाला इस्तो म्हणायची तुमची ती पद्धत. स्पिरिट निळं जळत होतं, वाऱ्याला पत्रा आडवा लावला होता, आणि तुम्ही सासूबाईंना स्टोव्हची तारीफ अशी ऐकवत होता, जणू तो तुम्हीच शोधून काढला. मुलगी झाली. आवाज न करणाऱ्या स्टोव्हमुळे ती झोपून राहिली, हेही तुम्ही मोठ्या मनानं कबूल केलंत.

तिथून आपण सुईणीकडे बाटल्या ठेवायला गेलो. म्हातारीनं त्या ज्वारीच्या कणगीत खोल खुपसल्या. "बुढ्याले सांगतलं म्या, हे पेलास तं डोळे जातीन." तुम्ही बाहेर बाजेवर गुडघ्याला तेल चोळत बसला होता. मी आत तिला डबी दाखवत होते. म्हातारी ती उलटीपालटी करत म्हणाली, "हे बरं केलं. पयले तं बाई माझ्याच चुलीवर डबा ठेवे. किती वर्सं ठेवला! तू आली तवापासून ते पितळेचा भोंगा घेऊन फिरून राह्यली. म्या पुसलं, काहून व? तं म्हने, काजळी." आणि चुलीत फुंकर मारून तिनं भाकर उलटली.

मी त्या चुलीकडे बघत राहिले. वर्षानुवर्षं तुमच्या सुया तिथं उकळल्या होत्या आणि एकही खराब झाली नव्हती. काजळी माझ्याबरोबर आली होती तर. कुठल्याच उंबऱ्यावर मला कुणी थांबवू नये, कुणाची चूल माझ्यामुळं विटाळू नये आणि ते मला ऐकावं लागू नये, म्हणून तुम्ही दुखऱ्या गुडघ्यानं पितळेचं धूड वाहत होता. मला रडू फुटलं, आणि चुलीच्या धुराचं मला आयतंच निमित्त मिळालं. बाहेर आले तर तुम्ही विचारलंत, "काय झालं व? डोये काहून लाल?" मी म्हटलं, धूर. तुम्ही म्हणालात, "म्हनून तं सांगतो, चूल नको."

दिवाळी आली नि गेली. तुम्ही खुर्चीत बसल्या नाहीत. निवृत्त होईपर्यंत तो गुडघा कुरकुरत आणि तुम्ही त्याला दटावत चालत राहिलात, आणि निघताना तो पितळी स्टोव्ह माझ्या हातात ठेवून म्हणालात, "घे, तुले आवडत नाही म्हनून देतो." तो माझ्या बैठकीत आहे. दसऱ्याला चिंचेनं घासते.

नातीला मी शेवटी खरा सल्ला दिला. चार दिवसांची वाट असेल तर स्पिरिट ने, लांबची असेल तर दुसरं काही बघ. उन्हात पालथा हात धरून पाहा. ती म्हणाली, "आणि अगदीच नाही पेटला, तर एखाद्या गावात कुणाच्याही चुलीवर चहा ठेवू, त्यात काय!" तिनं ते इतकं सहज म्हटलं, की मला ते तिच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घ्यावंसं वाटलं. असंच असू दे तिचं. हा कागद तिच्या पिशवीतही जाणार नाही, ती त्याचंही वजन करील. म्हणून तो पितळी स्टोव्हखाली ठेवतेय.

तेवढं एक राहिलंय. काजळीची गोष्ट मी खरी मानली, अशा समजुतीत तुम्ही गेलात. मी तसं वाटू दिलं, कारण तुम्हाला तेच हवं होतं. पण बाई, मला माहीत होतं.