आयोवरचा बर्फ आणि भाट्याचे घर

मी, कुमुदिनी भागोजी शिवलकर, वय ६१, निवृत्त प्राध्यापिका, राहणार भाट्ये, रत्नागिरी. माझी फुप्फुसे निकामी होत आली आहेत, बुद्धी नाही. हे मृत्युपत्र मी स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझ्या आयुष्यात मर्जीने केलेल्या गोष्टी थोड्या, म्हणून मुद्दाम नमूद करते.

१. माझे काम. आयो हा गुरूचा ज्वालामुखींनी भरलेला चंद्र. तिथे गंधकाचे वायू उसळतात आणि थंडीने गोठून बर्फ होऊन खाली पडतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात वायूची खूण वेगळी, बर्फाची वेगळी. त्या खुणा वाचण्यात माझा जन्म गेला. पण इतरांनी घेतलेल्या निरीक्षणांवरून, या घराच्या मागच्या खोलीत बसून. परदेशातल्या दुर्बिणीवर माझी निवड झाली, त्याच महिन्यात बाबांना अर्धांगवायू झाला. थोरला भाऊ सखाराम मुंबईहून आला नि म्हणाला, "जायचं तर जा गो. पण बाबांच्या तोंडात पाणी कोण घालणार, तेवढं सांगून जा." मी राहिले. बाबांनंतर आई अंथरुणाला खिळली. आता मी. खाटेवरून कुंपणाचा चिऱ्याचा गडगा तेवढा दिसतो.

२. घर. बाबांनी ते माझ्या नावे केले होते. गेल्या महिन्यात सखारामदादाची मुलगी ईशा निघण्याआधी भेटायला आली. तिची त्याच विषयात, तशाच दुर्बिणीवर निवड झाली आहे. दादा माझ्या उशाशी बसून तिला म्हणाला, "आत्येला आता कोणीतरी हवं. अभ्यास काय, कुठूनही होतो." पोरगी भरलेल्या बॅगेतले कपडे काढून कपाटात ठेवू लागली. माझा श्वास कोंडला, तो आजाराने नव्हे.

"ईशा, बॅग भर," मी म्हटले.

"मग तुझं कोण करणार?" दादा ओरडला.

"हे घर करील."

मी घर विकले आहे. मरेपर्यंत राहण्याचा हक्क माझा. आलेल्या पैशातून पगारी परिचारिका ठेवली आहे. ईशा गेली. वारसांनी घरावर हक्क सांगू नये.

३. संगणक व सर्व नोंदी ईशाला. माझे काम तिने पुढे न्यावे अशी अट नाही. दुसरा विषय आवडला, तर खुशाल सगळे पुसून टाकावे.

४. दुर्बिणीच्या थंड डोंगरासाठी घेतलेला, कधीच न घातलेला लोकरी कोट दादाला. वैशाखात एक दुपार तो अंगात घालून, दार लावून, त्याने माझ्या खोलीत बसावे. मग वाटल्यास मला क्षमा करावी. मी त्याला अजून केलेली नाही.

५. अंत्यविधी परिचारिका समीक्षा व शेजारी यांनी उरकावा. ईशाची वाट पाहू नये. त्या दिवशी दुर्बिणीवर तिची पाळी असेल, तर पाळी संपल्यावरच तिला कळवावे.

माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या करणारे साक्षीदार:
डॉ. मनस्वी पावसकर (सही)
निलेश भाटकर, शेजारी (सही)

कुमुदिनी भा. शिवलकर (सही)
रत्नागिरी, ७ फेब्रुवारी २०२५