दहापैकी दहा

११ मार्च २०२५, मंगळवार

पाचव्या चाचणीचा टिश्यू कागदाचा रोल दुपारी दोनला उतरला. कुठे तुटला नाही. मऊपणाचा आकडा आतापर्यंतचा सगळ्यात वरचा.

हर्षल सरांनी कागद गालावर फिरवला. मालक गालानेच तपासतात. आज दाढी केलेली नव्हती, तरी म्हणाले, “एस्तेर, रेशीम आहे हे! उसाच्या चिपाडाचं आहे सांगितलं तर कुणाला पटायचं नाही.”

पटायला हवं ते पुण्याच्या कंपनीला. त्यांनी नमुना पास केला तर चिपाडाच्या लगद्याचं काम चालू राहील. नाहीतर बंद, आणि पुन्हा हॉटेलचे नॅपकिन.

दहा कागद पिशवीत सीलबंद करून घरी आणले. १२.० ग्रॅम.

१२ मार्च

पपांची चिठ्ठी: ४/१०. खाली — ‘कडक. कड टोचते.’

वापरलेल्या कागदांची पिशवी सुप्याला कारखान्यात नेऊन लॅबमध्ये तोलली. १९.३. म्हणजे सात ग्रॅमच्या वर टिपलं. टिपण्यात खोट नाही.

पण चार! आकडा तसं म्हणत नाही. पपा मार्कांना चिकटच. भिंगारच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं, एकालाही पैकीच्या पैकी दिले नाहीत. मी सहावीत त्यांच्या वर्गात होते. सगळी उत्तरं बरोबर, मार्क सात. कारण: ‘पायऱ्या गाळल्या.’

१५ मार्च

हे एकदा लिहून ठेवते. कारखान्यात कुणाला माहीत नाही.

ऑगस्टमध्ये ऑपरेशन करून पपांचं स्वरयंत्र काढलं. आवाज गेला. आता श्वास गळ्यातल्या भोकातून. कफही तिथूनच. दिवसातून तीस-चाळीस वेळा पुसावं लागतं. बाजारातला मऊ कागद धूळ सोडतो. ती भोकातून आत जाते आणि उबळ येते — दहा-दहा मिनिटं. धूळ न सोडणारा कागद कडक. कातडी सोलते, रक्त येतं. मम्मी तिच्या जुन्या साड्यांचे तुकडे उकळून देते. ते वाळले की पापडासारखे होतात.

मऊ हवा आणि बिनधुळीचा हवा. दोन्ही एकत्र. एवढंच काम आहे.

हर्षल सरांना वाटतं, मी प्रमोशनसाठी राबते. वाटू दे.

२४ मार्च

सहावी चाचणी. चिपाडातला भुसा एकदाऐवजी दोनदा धुऊन काढला. धूळ त्याचीच असते. काळ्या कापडावर कागद झटकला — पूर्वीच्या निम्मीसुद्धा नाही! हे माझं. कुठल्या पुस्तकातलं नाही.

पॅकिंगच्या मुक्ताबाईंना लॅबमध्ये बोलावलं. हात लावून मत सांगायला त्यांनाच बोलावते. रोज हजारो कागद हाताखालून जातात.

“लई मऊ हाय मॅडम. पन हितंच.”

“इथंच म्हणजे?”

“तुमच्या खोलीत. आमच्याकडं आलं की खरखर करतंय. तुमच्या खोलीत माजं त्वांड बी मऊ लागतंय!”

बाहेर बायका हसत होत्या. मला वाटलं, थट्टा. लॅबमध्ये गारवा आहे म्हणून टोमणा. आकडे लिहून त्यांना जायला सांगितलं.

२५ मार्च

पपा: ५/१०. ‘धूळ कमी. कडक तसाच.’ वजन १९.८.

३ एप्रिल

सातव्या चाचणीचे नमुने पुण्याला गेले. पपांनी याही खेपेला पाचच दिले. मी चिठ्ठी तक्त्यात चिकटवली आणि शेजारी लिहिलं — ‘रुग्णाची चिडचिड धरून.’

९ एप्रिल

नापास. एका ओळीत. ‘धूळ समाधानकारक, स्पर्श खरखरीत.’

खरखरीत. मुक्ताबाईंचाच शब्द.

१० एप्रिल

सापडलं.

फेब्रुवारीत लॅबचा एसी बंद पडला. सरांनी पॅकिंगमधला कूलर आणून लावला. मी रोज तापमान नोंदवत होते. चोवीस, चोवीस, तेवीस. हवेतला ओलावा मोजायच्या यंत्राचा सेल संपला होता. म्हटलं, तापमान बरोबर आहे ना. आज नवा सेल घातला. ७२ टक्के! असायला हवा ५०.

कूलर पाणी फेकतो, कागद ते पितो आणि मऊ लागतो. कागदाने काही केलं नव्हतं.

मग यंत्र घेऊन घरी आले. कूलरच्या गवताने पपांना उबळ येते, म्हणून आमच्याकडे तो बंदच असतो. त्यांच्या खोलीत: २३ टक्के.

चार खरे होते. पाच खरे होते. खोटे होते ते दोन महिन्यांचे माझे आकडे.

तक्त्यातली ‘चिडचिड’ खोडली. खाली अक्षरं दिसतातच.

११ एप्रिल

सरांना सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. त्यांनी कूलरकडे बघितलं. “म्हणजे मी गालावर कूलरच फिरवत होतो म्हण की.”

हसले नाहीत. मग म्हणाले, “एक रोल. गुड फ्रायडेनंतरचा शनिवार, चार तास मशीन तुझी. नंतर मला विचारू नकोस.”

मुक्ताबाईंना भेटून माफी मागायला हवी होती. फक्त म्हटलं, “तुमचं बरोबर होतं.” त्या म्हणाल्या, “व्हय का? काय बोलले हुते मी?”

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

चर्चमध्ये पपा शेवटच्या बाकावर. पूर्वी गाणं तेच उचलायचे. सगळे गात असताना ते बोटांनी मांडीवर ताल धरत होते. मग उबळ आली. साडीचा तुकडा गळ्याशी धरून बाहेर गेले. मी गेले नाही. त्यांना आवडत नाही.

१९ एप्रिल

आठवी चाचणी. मऊपणा वाढावा म्हणून कागद सिलेंडरवरून खरवडून काढणाऱ्या ब्लेडचा कोन बदलला, सुरकुत्या बारीक आल्या. दोनदा रोल तुटला. तिसऱ्यांदा उतरला. चार तास संपले.

२२ एप्रिल

कूलर तीन दिवस बंद. ओलावा ५० आणायला सोय नाही. निदान फसवणूक तरी नाही. धूळ जवळजवळ शून्य. मऊपणा एसी चालू असतानाच्या पहिल्या चाचणीएवढा. म्हणजे काही नाही.

सरांनी कागद पाहिलाही नाही. “सोमवारपासून नॅपकिन.”

२८ एप्रिल

नॅपकिन.

आठव्या चाचणीच्या उरलेल्या रोलमधले दहा कागद आणले. १२.० ग्रॅम. का आणले, माहीत नाही. तक्त्यात एक ओळ रिकामी होती.

स्वयंपाकघरात मम्मीला सांगितलं, काम बंद झालं. पपांना सांगू नकोस. ती म्हणाली, “नाही सांगत गं.” मग बाहेर बघितलं तर ते दारातल्या खुर्चीत होते. पिशवी दिली. त्यांनी माझ्याकडे न बघता घेतली.

२९ एप्रिल

चिठ्ठी: १०/१०. खाली कारण नाही.

पिशवी तीनदा तोलली. १२.०.

तक्त्यात दहा लिहिले. वजनाचा रकाना कोरा ठेवला.