दुसऱ्या ब्रेकवरचा पाय

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठावन्न, व्यवसाय मोटार चालवायला शिकवणे, शिकाऊ मंडळींत ‘ब्रेकबाई’ म्हणून ओळखली जाणारी, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवत आहे. वकिलांच्या कच्च्या मसुद्यात ‘कोणत्याही भीतीशिवाय’ असे शब्द होते. ते मी खोडले आहेत. सुरुवातच खोटी नको. परवा सोमवारी माझ्या कण्याची शस्त्रक्रिया आहे आणि मला फार भीती वाटते आहे.

कलम १. तळमजल्यावरच्या माझ्या मालकीच्या दोन खोल्या, आतील सामानासह, माझ्या एकुलत्या एक मुलीस मिळाव्यात. माझ्या पलंगावरची लाकडी फळी मात्र तिने काढून टाकावी. नऊ वर्षे मी त्या फळीवर निजले. कूस बदलताना कमरेतून जी कळ निघते ती थेट उजव्या अंगठ्यापर्यंत जाते. अलीकडे तर कळही जात नाही, मधेच कुठेतरी विझते. रस्त्यात उजव्या पायातली चप्पल निसटते आणि मला लोक हाक मारून सांगतात.

कलम २. बँकेतली शिल्लक आणि ठेवी मुलीच्याच. शल्यचिकित्सक म्हणाले, “नस दबली आहे, मोकळी करू. पण पाय पूर्वीसारखा होईल असं वचन देत नाही.” मी विचारले, “आणि आणखी बिघडला तर?” ते म्हणाले, “शक्यता कमी आहे.” कमी म्हणजे किती, हे मी विचारले नाही. तशीच उठून आले. मृत्युपत्रात मेल्यानंतरचेच लिहायचे असते, असे वकील सांगतात. मला भीती आहे ती न मरण्याची. डोळे उघडतील आणि कमरेखाली काहीच नसेल, याची. तसे झाल्यास लेकीने नोकरी सोडून माझ्या उशाशी बसू नये. हे कायद्यात बसत नसेल, तरी तिने पाळावे.

कलम ३. माझा कमरेचा पट्टा धाकट्या भावास द्यावा. मी शिकवणी सुरू केली तेव्हा हा चारचौघांत म्हणाला होता, “ताईच्या गाडीत बसायचं तर आधी घरच्यांचा निरोप घ्या.” पुढे कंबर धरली तर म्हणाला, “नुसतं शेजारी बसून कंबर कशी दुखते गं?” बावीस वर्षे अंग तिरके करून, पाय ब्रेकच्या वर अधांतरी धरून बसल्यावर दुखते, असे त्यास कळवावे. हल्ली तोही वाकून चालतो. पट्टा चांगल्या स्थितीत आहे.

कलम ४. शिकवणीची पांढरी गाडी मुलीस द्यावी. तिला गाडी शिकायची होती आणि मी तीन महिने आज-उद्या करत टाळले. कारण घरात कोणाला ठाऊक नाही, ते इथे लिहिते.

या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक आहे. मागच्या नोव्हेंबरात सकाळी दहाच्या सुमारास मी एका शिवणकाम करणाऱ्या ताईंना शिकवत होते. उभ्या असलेल्या दोन गाड्यांमधून एक म्हातारबुवा काठी टेकत एकदम पुढे आले. “थांबा!” मी ओरडले आणि ब्रेक दाबला. गाडी थांबली, काठीपासून हातभर अंतरावर. मी खाली पाहिले. माझा पाय ब्रेकवर नव्हताच. शेजारच्या रबरी चटईवर तो सगळी ताकद लावून दाबलेला होता, आणि मला तो ब्रेकवरच वाटत होता.

ताई रडायला लागल्या. “बाई, तुम्ही होतात म्हणून! माझे तर हातपाय गळाले होते.”

मी म्हटले, “असू द्या. मी आहे ना.”

त्यानंतर आणखी अकरा दिवस मी शिकवले. शाळेला सुट्टी म्हणून ताईंची आठ वर्षांची मुलगी मागे बसायची. मी रस्ता बघायचा सोडून माझा पाय बघत होते. बाराव्या दिवशी गाडीचे दार उघडायला हात उचलेना. कंबर धरली असे सांगून शिकवणी बंद केली. ताई दुसरीकडे शिकल्या आणि परवाना मिळवला.

मुलीने दुसऱ्या कोणाकडून तरी शिकावे. दुसरा ब्रेक काढू नये, पण स्वतःच्या पायाची खात्री नसलेल्या कोणीही तिथे बसू नये.

कलम ५. हे आत्ता, दुपारी, हाताने वाढवत आहे. साक्षीदार म्हणून मी त्याच ताईंना बोलावले. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते म्हणतात. मी त्यांना चौथे कलम वाचून दाखवले. त्यांनी हातातले पेन खाली ठेवले.

“अकरा दिवस?”

“हो.”

“माझी पोर मागे बसलेली असायची.”

“हो.”

त्या उठून खिडकीपाशी गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. आता या जाणार, असे वाटले. त्यांनी न वळताच विचारले, “मग त्या दिवशी ब्रेक मारला कुणी?”

“तुम्ही. दुसरं होतंच कोण?”

त्या वळल्या. “महिना झाला, लायसन्स नुसतं पर्समध्ये घेऊन हिंडतेय मी. गाडीला हात लावला नाही. वाटायचं, शेजारी बाई नाहीत, वेळ आली तर थांबवणार कोण?” त्यांचा आवाज चढला. “हे मला तेव्हाच सांगायचं होतंत!”

मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्या पुन्हा खुर्चीत बसल्या, पेन उचलले.

“सोमवारी किती वाजता पोचायचंय?”

“सातला.”

“मी नेते. याच गाडीतून. तुम्ही मात्र मागे बसायचं.”

बावीस वर्षांत त्या गाडीत मी कधी मागे बसलेली नाही. तिथे पायाखाली काहीच नाही. मी हो म्हटले आहे.

वरील पाचही कलमे मी स्वतः लिहिली, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

लिहून ठेवणार: (सही) ब्रेकबाई
साक्षीदार १: (सही) शिवणकाम करणाऱ्या ताई
साक्षीदार २: (सही) कोपऱ्यावरच्या औषध दुकानाचे मालक
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १५ फेब्रुवारी, शनिवार