बाबांची आरामखुर्ची आणि गरम हवा

४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं लॉज ठीक चाललं आहे असं उडत उडत कळतं. तू स्वतः कळवत नाहीस आणि मी विचारत नाही. चुकतं दोघांचंही, तुझं जरा जास्त.

पत्रास कारण बाबांची आरामखुर्ची. बाबा गेल्यावर तिच्यावरून आपल्यात जे शब्द झाले ते मी विसरलो आहे. बाबांचा खरा जीव तुझ्यावर होता, तेव्हा खुर्ची तुझ्याकडेच शोभेल, असं हल्ली फार मनात येऊ लागलं. म्हणून ती आज तुझ्या पत्त्यावर रवाना केली. आजपासून खुर्ची तुझी. वेत जुना आहे, वरची गादीही तीच आहे. झटकूबिटकू नकोस, बाबांचा वास जाईल.

आमच्याकडे घरात ओल धरली आहे. ती घालवायला गरम हवेचं यंत्र यायचं आहे. त्याने जुनं पॉलिश तडकतं म्हणतात. याचा आणि खुर्चीचा अर्थातच काही संबंध नाही.

खुर्ची पोचल्याचं कळव. सूनबाईस आशीर्वाद. माझा लोभ तुला ठाऊक आहेच, तो पुन्हा लिहीत नाही.

तुझा,
दादा

११ मार्च

ती. दादांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

खुर्ची पोचली. खोटं कशाला सांगू, दोऱ्या सोडताना डोळ्यांत पाणी आलं. तुमचं पत्र बायकोला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, दादांच्या हातून जुनी चप्पल सुटत नाही, मग खुर्ची कशी सुटली? तिच्याकडे लक्ष देऊ नका, ती मुळातच संशयी आहे.

खुर्ची दर्शनी खोलीत ठेवली आहे. येणारा प्रत्येक पाहुणा आधी तीत बसतो. औषधांचे विक्रेते तर खोलीची किल्ली मिळाली तरी उठत नाहीत. संध्याकाळी मात्र कोणाला बसू देत नाही, तेव्हा मी बसतो.

दादा, मला वाटलं होतं की तुम्ही मला टाकलंत. लॉज चालवायचं म्हणजे परक्यांच्या चादरी धुवायच्या, असं तुम्ही म्हणाला होतात आणि तेव्हापासून इथे पाऊल ठेवलं नाहीत. आता वहिनीला घेऊन एकदा याच. चादरी खरोखर स्वच्छ असतात.

जसं हे पत्र आलं तशी आणखी येत राहोत.

तुमचा,
धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून समाधान वाटलं. येण्याचं बघू. सध्या गुडघा बरा नाही, आणि तो बरा होतो तेव्हा रक्तदाब वाढतो.

खुर्ची दर्शनी खोलीत ठेवलीस हे मात्र पटलं नाही. वडिलांची वस्तू कोणाही सोम्यागोम्याला बसायला द्यायची? ती गच्चीवर भर उन्हात ठेव. ऊन लाकडाला मानवतं. मागच्या पत्रात पॉलिशबद्दल लिहिलं होतं ते वेगळं.

सहज विचारतो, पाहुण्यांपैकी कोणी अंग खाजवताना दिसतं का? हवा बदलली की खाज सुटते असं वाचनात आलं, म्हणून विचारलं. तुला काही जाणवत असेल तर मनावर घेऊ नकोस.

यंत्र गुरुवारी येत आहे. प्रकृतीस जप आणि माया आहे तशी ठेव.

दादा

२६ मार्च

चि. भावजी यांस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुमच्या दादांच्या नकळत लिहिते आहे, तेव्हा वाचून फाडा.

आमच्या घरात ओल नव्हती, ढेकूण होते. पलंगात, सोफ्यात, भिंतीवरच्या फोटोंमागे, आणि सगळ्यांत जास्त बाबांच्या खुर्चीत. यंत्रवाला घर पाहायला आला तेव्हाच बजावून गेला होता की घरातली एक वस्तू बाहेर काढू नका, जी जाईल तिच्याबरोबर तेही जातील. यांनी शहाण्यासारखी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची तुमच्याकडे धाडली. मला म्हणाले, भावाला दिली. मला वाटलं, देवाने सुबुद्धी दिली. पॉलिशच्या काळजीने दिली हे आता कळलं.

गुरुवारी यंत्र आलं. ट्रंकेएवढी पेटी, तिला जाडजूड नळी, आणि खोलीभर हवा फिरवायला पंखे. गाद्या उभ्या केल्या, कपाटांची दारं सताड उघडली. खोली पन्नास अंशांच्याही वर नेऊन तासन्‌तास तशीच ठेवतात, म्हणजे फटीतले ढेकूण अंड्यांसकट मरतात. आम्ही जिन्यात बसून होतो. हे कोट घालून बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओल, ओल म्हणून सांगत होते. दुपारी वरचे वकीलसाहेब हळूच खाली आले आणि म्हणाले, आमच्याकडेही अशीच ओल आहे, झोपलं की चावते. संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवरची ओल बाहेर पडली. यंत्रवाल्याला आता उसंत नाही.

एक नुकसान झालं. निवृत्तीच्या वेळी कचेरीने दिलेलं चांदीचं सन्मानचिन्ह यांनी कपाटावरून काढू दिलं नाही. ते उकाड्याने कमरेत वाकलं. प्लॅस्टिकचं निघालं. इतकी वर्षं मी ते पावडर लावून घासत आले. हे त्या दिवसापासून जेवायला त्या कपाटाकडे पाठ करून बसतात.

खुर्ची तपासा. यांना क्षमा करा असं मी म्हणणार नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्यावरची माया मात्र कमी करू नका.

तुमची,
वहिनी

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

आमचं घर आता कोरडं ठणठणीत झालं. फक्त बैठकीतला कोपरा भुंडा दिसतो आणि लोक विचारतात. खुर्ची तुझी असं मी लिहिलं होतं, त्याचा अर्थ सांभाळायला तुझी. तू शब्दाला शब्द लावणारा नाहीस हे मी जाणतो. तरी ती परत धाडावी.

धाडण्यापूर्वी नीट झटक आणि उन्हात ठेव. तुमच्या लॉजवर नाना तऱ्हेचे लोक उतरतात, कोणाच्या सामानातून काय येईल सांगता येत नाही. आमच्या स्वच्छ घरात नसती ब्याद नको.

राग नसावा, लोभ असावा.

दादा

१० एप्रिल

ती. दादांस,
नमस्कार.

ब्याद आली होती. पेपर तपासायला आलेल्या एक शिक्षिका सकाळी दर्शनी खोलीत येऊन उभ्या राहिल्या आणि भरल्या खोलीत त्यांनी दंडावरच्या गांधी दाखवल्या. दुपारपर्यंत समोरचं लॉज भरलं आणि आमचं रिकामं झालं. मी दाराला कुलूप लावून गरम हवेचं यंत्र मागवलं. सगळ्या खोल्या तापवल्या आणि खुर्ची मधोमध ठेवली. पॉलिशला फोड आले, वेत सैल पडला, एक हात सांध्यातून उघडला. ढेकूण मेले. पाहुणे आता एकेक करून परतत आहेत.

ते कुठून आले हे मला माहीत आहे. कसं कळलं ते विचारू नका.

लॉज बंद पडलं याचा राग नाही. राग याचा आहे की तुमचं पत्र वाचून मी रडलो आणि इतके दिवस आनंदात होतो. नुसतं लिहिलं असतंत की घरात ढेकूण झालेत, खुर्ची वाचव, तरी मी वाचवली असती. त्यासाठी माझ्यावर माया आहे असं लिहायची काय गरज होती?

खुर्ची तुमची, ती मिळेल. पण मी धाडणार नाही. हवी तर स्वतः येऊन न्या.

धाकटा

१७ एप्रिल

चि. भावजी यांस,
आशीर्वाद.

तुमचं पत्र यांनी उभ्याउभ्याच वाचलं आणि घडी न घालता माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, तो बरोबर बोलतो. लग्न झाल्यापासून हे वाक्य मी यांच्या तोंडून कोणाबद्दलच ऐकलं नव्हतं.

उद्या सकाळच्या बसने तुमच्याकडे निघत आहेत. हे पत्र पाकीट चिकटवून त्यांच्याच हाती देते आहे. सगळ्या जिन्याला सांगून झालं की भावाकडून खुर्ची आणायला चाललो आहे. मी म्हटलं, बसमध्ये खुर्ची चढवू देणार नाहीत, तिथला एखादा टेम्पो ठरवून ठेवू का? तर म्हणाले, टेम्पोबिंपो काही नको. आणि बॅगेत आणखी दोन सदरे घातले.

तुमची,
वहिनी