खोडलेला गोल

आई,

लॅबमध्ये लवकर जायचंय, म्हणून तुला उठवलं नाही. जेवण झाकून ठेवलंय. बादली उचलू नकोस, ऑपरेशनला पाचच आठवडे झालेत.

काल कंबर दुखतेय म्हणत तू कॅलेंडरवर पाळीच्या तारखेभोवती काढलेला गोल मी हसत खोडला. वर म्हणाले, "पिशवीच काढली, आता कंबर कशी दुखेल? मनाचे खेळ आहेत." तू म्हणालीस, "तुझ्या पुस्तकाची दुखते का गं कंबर?" आणि पाठ फिरवून रडलीस.

आज सकाळी तुझा दवाखान्याचा कागद नीट वाचला. गर्भाशय काढलंय, पण दोन्ही अंडाशय तसेच ठेवलेत. म्हणजे अंगावरून जाणार नाही, पण त्यांचं महिन्याचं चक्र चालूच राहील. तुझी कंबर खरंच दुखत असणार. चुकलं माझं.

पण मग रडू कशाचं होतं? दुखण्याचं, माझ्या बोलण्याचं, की गेलेल्या पिशवीचं? "सुटले एकदाची" असं तूच तर सगळ्यांना सांगत होतीस. हे कागदात कुठेच नाही आणि माझं डोकं चालत नाही.

गोल परत काढलाय, त्याच तारखेला. पुढच्या महिन्यात काढायचा की नाही, ते संध्याकाळी तू सांग. मी मध्ये बोलणार नाही.

तुझी दीडशहाणी