पान्याचा दिवा

३ मार्च, शुक्रवार. सकाळी ७.२०
हिवाळा संपला. चार महिन्यांनी मोटरसायकल गॅरेजबाहेर काढली. चावी फिरवली तर डॅशबोर्डवर पिवळा पान्याचा दिवा. म्हणजे सर्व्हिसिंग करा. कोण सांगतंय? तर गाडी. आणि कोणाला? मला!

वर्कशॉपला फोन. पाच आठवड्यांनंतरची तारीख. मी नम्रपणे सांगितलं की मी एकबर्ट हेफले, नगरपालिकेच्या पार्किंग परवाना विभागात सव्वीस वर्षं आहे. पलीकडची बाई म्हणाली, मग थांबणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच असेल.

संकल्प: यापुढे कोणत्याही वर्कशॉपची पायरी चढणार नाही.

९ मार्च, गुरुवार
ॲडॉप्टर आला. अठरा युरो. काडेपेटीएवढा, निळा. गाडीत खोचायचा, फोनला जोडायचा, दिवा विझवायचा. माहितीपत्रकातल्या जर्मनमध्ये लिहिलंय, ‘प्रसन्न मनाने दिव्यास मारा’. परदेशी लोकांना भाषा येत नाही, पण मुद्दा कळतो.

११ मार्च, शनिवार
पहिला प्रयत्न: फोन खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या रेडिओला जोडला गेला. त्यांची प्रार्थना बंद पडली. बाई जिन्यात येऊन बोलल्या. लिहिण्यासारखं नाही.
चौथा प्रयत्न: गाडीचं घड्याळ १९७० सालात गेलं.
सातवा प्रयत्न: दिवा गेला!!

चार मिनिटांत गाडी दुरुस्त. (आधीचे साडेतीन तास प्रशिक्षणात धरावेत.) हाताला तेलाचा डागही नाही. चक्कर मारून आलो. इंजिन स्पष्टपणे हलकं चालतंय.

रोसविटाने विचारलं, तेल बदललंस का? मी म्हटलं, दिवा गेलाय ना, मग तेल कशाला? बायकोला इलेक्ट्रॉनिक्स समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ती म्हणाली, माझ्या गाडीच्या पुढच्या ब्रेकचा लिव्हर मऊ लागतोय, शरद ऋतूपासून सांगतेय. लिहून ठेवलं.

१७ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी
मोटरसायकल क्लबची बैठक. डाळ, श्पेत्झलेच्या शेवया, सॉसेज. डाळ खारट.

मोठी बातमी. क्लबचा तंत्रप्रमुख ओटोकार याच्या अंगठ्याचं ऑपरेशन झालंय. वय चौऱ्याहत्तर. बावीस वर्षं तोच तंत्रप्रमुख. हंगामाच्या पहिल्या राइडआधी प्रत्येकाची गाडी तो हाताने तपासतो आणि सर्व्हिस बुकात सही करतो. सहीशिवाय राइडला येता येत नाही. टूल रूमची चावी त्याच्याकडे. बैठकीत खुर्ची अध्यक्षांच्या शेजारी. आणि मी पंधरा वर्षं दाराजवळ बसतोय, हवा येते तिथे.

अध्यक्षा गुडरूनने विचारलं, या वर्षीची तपासणी कोण करणार? मी खिशातून ॲडॉप्टर काढला. सगळे गप्प झाले. मी याला आदर समजतो. हंगामी काम माझ्याकडे आलं. मेमध्ये पदाची निवडणूक आहे, तिला उभा राहत असल्याचंही तिथेच जाहीर केलं.

ओटोकारने ॲडॉप्टर उलटासुलटा करून पाहिला. म्हणाला, बाळा, ही तर जखम मांडीला आणि मलम शेंडीला. दिवा विझला, पण तेल तेच ना? मी सर्वांसमोर म्हटलं, ओटोकार, तुझा काळ ग्रीसचा होता, आता डेटाचा आहे. आणि शिवाय तुझा अंगठा वाकत नाही. थोडे लोक हसले. तो हसला नाही. बॅन्डेजवाला हात टेबलाखाली घेतला.

चांगला मुद्दा होता. निवडणुकीत पुन्हा वापरणार.

२४ मार्च, शुक्रवार
सही पुरेशी वाटत नाही. सही कोणीही करतो. शिक्का बनवून घेतला: गोल, मध्ये पाना, भोवती ‘हेफले – तांत्रिक तपासणी – उत्तीर्ण’. ऑफिसात सव्वीस वर्षं पाहतोय, आपल्याकडे लोक माणसावर नाही, शिक्क्यावर विश्वास ठेवतात. रिकाम्या कागदावर मारून पाहिला. कागदसुद्धा अधिकृत दिसायला लागला.

१ एप्रिल, शनिवार
क्लबच्या अंगणात तपासणी. नऊ गाड्या, पन्नास मिनिटं! ओटोकारला एका गाडीला दोन तास लागायचे. बाकीचे वर्कशॉपमध्ये जाऊन आले होते, त्यांचं नुकसान.

ओटोकार सायकलवरून आला होता. कुंपणापाशी उभा राहून बघत होता. जाताना म्हणाला, निदान ब्रेक तरी दाबून बघ रे. मी मनात म्हटलं, उंटावरचा शहाणा.

८ एप्रिल, शनिवार
रोसविटाच्या गाडीचाही पान्याचा दिवा लागला होता. सर्व्हिसिंगला दोन वर्षं झाल्याचा. विझवला, शिक्का मारला. ती म्हणाली, आणि लिव्हर? मी दाबून पाहिला. मऊ आहे खरा. पण आरामदायक. बोटांना त्रास नाही. तिला म्हटलं, बायका लिव्हरचं ऐकतात, मी गाडीच्या मेंदूचं ऐकतो. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. प्रभावित झाली असावी.

मग म्हणाली, उद्या ईस्टर झाला की ओटोकारला दाखवून येते. मी साफ नाही म्हटलं. उमेदवाराची बायकोच प्रतिस्पर्ध्याकडे गेली तर लोक काय म्हणतील? तिने ऐकलं. शेवटी संसार म्हणजे विश्वास.

२३ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ६
पहिली राइड. सविस्तर लिहितो, कारण उद्या लोक वाटेल ते सांगतील.

सकाळी चर्चसमोर पाद्रीबाईंनी गाड्यांवर पाणी शिंपडून आशीर्वाद दिला. सोळा गाड्या. एकाही डॅशबोर्डवर दिवा नाही. माझे डोळे भरून आले.

तेराव्या किलोमीटरला एकाची चेन तुटली. एकविसाव्याला दुसऱ्याचं इंजिन धूर सोडून बसलं. तेल नव्हतंच म्हणे. मी ॲडॉप्टर लावून दाखवला, एकही एरर नाही. तो काहीतरी बोलला. चर्चपासून एकवीस किलोमीटरवर असं बोलू नये.

मग डोंगराचा लांब उतार. रोसविटा माझ्या पुढे. पाचव्या वळणानंतर तिने ब्रेक दाबला तर लिव्हर सरळ मुठीला टेकला. मागचा ब्रेक दाबला, गाडी घसरली, आणि ती कुंपण तोडून शेतकऱ्याच्या शेणाच्या ढिगाऱ्यात गेली. ढिगारा होता म्हणून वाचली. त्याच्यापुढे दरी होती. उजवं मनगट मोडलं.

मी आधी गाडी पाहिली, कारण ते माझं काम आहे. दिवा लागलेला नव्हता.

ओटोकार मागून व्हॅन घेऊन येत होता. त्याला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. एका हाताने त्याने तिला बाहेर काढलं, तिचा चेहरा आपल्या रुमालाने पुसला. ब्रेक ऑइलचं झाकण उघडून दाखवलं. आत कॉफी म्हणावी असं काळं. म्हणाला, जुनं ऑइल उतारावर उकळतं, ब्रेक राहत नाही.

पोलिसाने सर्व्हिस बुक उघडलं. शिक्का बघून विचारलं, ही हेफले कंपनी कुठे आहे? मी पुढे होऊन स्वतःची ओळख करून दिली. त्याने माझं नाव लिहून घेतलं. दोनदा, स्पेलिंग विचारून.

हॉस्पिटलात रोसविटा एवढंच म्हणाली, दिवा विझला होता ना? मी म्हटलं, शंभर टक्के. तिने भिंतीकडे तोंड केलं. गोळ्यांचा परिणाम.

३० एप्रिल, रविवार
रोसविटा घरी. हात प्लास्टरमध्ये. ब्रेड मलाच कापावा लागतो. ती बोलत नाही, म्हणजे आराम पडतोय.

निवडणुकीचा हिशेब. एकूण मतं सतरा. मी ज्यांचे दिवे विझवले ते रोसविटा धरून दहा. चेनवाला आणि धूरवाला वजा केले तरी आठ. एक-दोघे सहानुभूतीने येतील. बायको शेणात पडलेली असताना नवरा उभा राहतो, ही छोटी गोष्ट नाही.

क्लबात १९७४ पासून एक रीत आहे. दोन उमेदवार असले की दोघे हात मिळवतात आणि प्रत्येक जण आपलं मत समोरच्याला देतो. स्वतःला मत देणं हलकं समजतात. म्हणजे ओटोकारला माझं, मला त्याचं. हिशेब तोच राहतो.

५ मे, शुक्रवार. रात्री ९
गुप्त मतदान. ओटोकारशी हात मिळवला. त्याचा अंगठा अजून सुजलेला. चिठ्ठीवर त्याचं नाव मी सुबक अक्षरात लिहिलं, दयाबुद्धीने.

ओटोकार: सोळा.
मी: एक.

माइक खरखरत होता म्हणून गुडरूनने निकाल दोनदा वाचला. पहिल्यांदाही ऐकू आला होता. मग ती म्हणाली, एक चिठ्ठी फार वेडीवाकडी लिहिली होती, पण वाचता येते, वैध धरली आहे.

मला लगेच कळलं. वेडीवाकडी, म्हणजे डाव्या हाताने. सगळा क्लब उलटला, पण एक माणूस माझ्या बाजूने उभं राहिलं. उजवा हात मोडलेला असताना. एकतीस वर्षांच्या संसारात तिला कधी नीट काही म्हटलं नाही. उद्या म्हणणार. फुलंही आणणार, पेट्रोल पंपावरची नाही, दुकानातली. बाकीच्यांना माफ केलं.

६ मे, शनिवार. सकाळी ८.१०
रोसविटा डाव्या हाताने उकडलेलं अंडं खात होती. फुलं ठेवली. तिला म्हटलं, काल मला मत दिलंस, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

ती म्हणाली, कसलं मत? ते ओटोकारचं असणार. रीतच आहे ना तशी. तो रीत मोडत नाही.

मी म्हटलं, पण ती वेडीवाकडी चिठ्ठी?

ती म्हणाली, हो, माझीच. डाव्या हाताने ‘ओटोकार’ लिहिताना घाम फुटला मला. मीठ दे.

मीठ दिलं.

जिना झाडायची पाळी ज्याची, त्याच्या दारावर पाटी लागते; ती आजपासून आमच्या दारावर आहे. तिचा हात मोडलाय, म्हणून सहा आठवडे मीच झाडणार. खालच्या बाई पायरीवर बोट फिरवून बघतात.