मॅडमनी सांगितलंय

मॅडम, तुम्ही आमच्या अंबरनाथच्या घरी आलात ती दुपार मला अजून लख्ख आठवते. मी कॉलेज अर्धवट टाकून अंथरूण धरलं होतं. आतड्याला सूज होती, एका जागी ते इतकं अरुंद झालं होतं की ऑपरेशनशिवाय इलाज नव्हता. पण उल्हासनगरच्या हॉस्पिटलातल्या सर्जननी माझी हाडं बघितली आणि म्हणाले, "याला आत्ता टेबलावर घेणार नाही. आधी वजन वाढवून आणा." मग तुमच्याकडे पाठवलं. तिथल्या डाएटिशियन तुम्ही.

वजन वाढवायचं तर खायला हवं, आणि मला खायचीच धास्ती. घास आत गेला की कळ यायची. शेजारपाजारचे येऊन एकेक पदार्थ बंद करून जायचे. कुणी दूध, कुणी अंडं, कुणी तूप. आई मला तांदळाची पेज आणि मुगाचं पाणी यावरच ठेवत होती. तुम्हाला फोनवर मात्र "हो हो, सगळं देते" म्हणायची. काटा काही वर सरकेना, तेव्हा तुम्ही स्वतःच आलात आणि सरळ स्वयंपाकघरात लादीवर बसलात.

"आई, मला पण भूक लागलीय. याला काय देता, तेच द्या."

आईने पेज वाढली. तुम्ही सगळी प्यायलात आणि तुमच्या त्या सिंधी वळणाच्या मराठीत म्हणालात, "ये तो पानी है, आई. याच्यावर मी संध्याकाळपर्यंत पण नाही चालणार. याला उपाशी कोण ठेवतंय, आजार की आपण?"

आई रडायलाच लागली. "काही दिलं की कळवळतो हो. मी कसं बघू?"

तुम्ही वाद घातला नाहीत. पदर खोचून उठलात. मऊ भात, गाळलेलं वरण, थोडं तूप, त्यात उकडलेलं अंडं कुस्करून घातलंत. अर्धं स्वतः खाल्लंत, अर्धं मला चमच्याचमच्याने दिलंत. "दुखलं तर मी इथेच आहे, बेटा. कुठे जात नाही." दुखलंच. तुम्ही माझा हात धरून बसलात आणि आईला तुमच्या घरच्या कढीची कृती सांगत राहिलात. हळूहळू कळ ओसरली. आई माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. खाऊनही मी जिवंत आहे, हे आम्हा दोघांना त्या दुपारी कळलं. पुढे थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खात गेलो, दह्यात तुम्ही दिलेली प्रोटीनची पावडर कालवून. आणि ऑपरेशन झालं.

नंतर मी जो सुटलो! उल्हासनगरच्या गल्लीबोळांतलं दाल-पकवान, फालुदा, काही सोडलं नाही. शर्टाची बटणं लागेनात, लिव्हरवर चरबी आली. भरल्या ओपीडीत तुम्ही ओरडलात, "मी वजन वाढवायला सांगितलं होतं, गोदाम भरायला नाही!" सगळे हसले, मीही. मी उपासाचं काढलं तर आणखी चिडलात. "उपाशी राहून नाही, नीट जेवून कमी करायचं. आणि चालायचं." तेच केलं. आज अंबरनाथच्याच आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कंपनीत लॅब सांभाळतो, बदलापुरात राहतो, डबा घरचाच असतो. माझ्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आलो तेव्हा तुमच्या खुर्चीवर दुसऱ्या बाई होत्या. तुम्ही तापाचं निमित्त होऊन गेलात, असं त्यांनीच सांगितलं. हातातली पत्रिका तशीच घेऊन परतलो.

आता आईवर तीच वेळ आली आहे. मध्यंतरी तिच्या स्वादुपिंडाला सूज येऊन गेली. डॉक्टर म्हणतात, बरी आहे, आता अंगी लागेल असं खाऊ दे. पण ती ताटाकडे बघूनच घाबरते, दोन घासांत हात धुते. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. मग मी कामावरून आलो की तिच्याजवळ बसतो, तिच्याच ताटातलं थोडं खातो, बाकीचं भरवतो आणि म्हणतो, "मॅडमनी सांगितलंय, एवढं संपवायचंच."

"त्यांनी सांगितलंय ना? मग दे," म्हणते.

तुम्ही गेल्याचं मी तिला कधी सांगितलंच नाही, मॅडम. तिला वाटतं, मी रोज तुम्हाला फोन करून विचारतो.